गेटबाहेर सुटणारा पट्टा

मैत्रिणींनो, सकाळपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमचे हे भोसरीत एका कंपनीत कंत्राटावर आहेत. दिवसभर लोखंडी पार्ट उचलायचे. कंबर धरली म्हणून ताथवड्याच्या कायरोप्रॅक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी मणका तपासला, कंबरेला बांधायचा पट्टा दिला, घरी करायचे व्यायाम शिकवले आणि बजावलं, "पट्टा फक्त वजन उचलताना. घरी आलात की काढायचा."

रोज सकाळी मीच तो घट्ट बांधून देते. पण हे घरी आले की पुन्हा पट्टा बांधून बसतात. मी कटकट करायची, "अहो, बाईंचं ऐकत का नाही तुम्ही?" हे नुसतं हसायचे.

आज डबा विसरले म्हणून मी रिक्षाने मागोमाग गेले. कंपनीच्या गेटाअलीकडे चहाची टपरी आहे. तिच्यामागे हे शर्ट वर करून पट्टा सोडत होते. शेजारी आणखी चारपाच जण तेच करत होते.

मला बघून यांनी मान खाली घातली. त्यांतले एक भाऊ म्हणाले, "वहिनी, पट्टा दिसला की सुपरवायझर गेटावरूनच घरी धाडतो. म्हणतो, दुखणेकरी माणूस नको."

मी डबा दिला आणि परत आले.

संध्याकाळी हे भिंतीला धरत आत आले. बसायच्या आधीच पिशवीतल्या पट्ट्याकडे हात गेला. आज मी कटकट केली नाही. मीच बांधून दिला.

परवा पुन्हा बाईंकडे जायचंय. त्या विचारतील, "पट्टा सांगितला तसाच वापरतात ना?"

काय सांगू त्यांना?