नव्वदचा काटा

ती घटना आठवली की आजही माझे डोके फिरते. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बायको म्हणते, जुन्या फायली आता मनात तरी बंद करा. बाकीच्या झाल्या, ही होत नाही. राग कोणाचा, असे विचाराल तर तीन-चार माणसे सांगता येतील आणि त्यात पहिला मी आहे. नावे मात्र कोणाचीच देणार नाही.

तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा बंदोबस्त नुकताच संपला होता आणि निम्मे कर्मचारी सुट्टीचे अर्ज घेऊन रांगेत उभे होते. अशा दुपारी तीनच्या सुमारास फोन आला की, मोटारसायकलवाल्याने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला उडवले आणि गावकरी त्याला झोडपत आहेत. आम्ही पोचलो तेव्हा म्हातारा रस्त्यावर मरून पडला होता. मोटारसायकलवाला उसाच्या बांधाला टेकून बसला होता. त्याचे तोंड सुजले होते, शर्ट फाटला होता. शेजारी त्याची गाडी आणि सांडलेली मिरचीपूड, मीठ, डाळ.

हा माणूस नवापूरच्या डोंगरातला, गुजरातच्या हद्दीलगतच्या पाड्यावरचा. केळी कापणाऱ्या टोळीत बायकोसह मजुरीला आलेला. टोळीचा आठवड्याचा बाजार घेऊन शहाद्याहून परत येत होता. मृताच्या पुतण्याने फिर्याद दिली: काका रस्त्याच्या कडेला उभे राहून मोबाइलवर बोलत होते, मोटारसायकल वाऱ्यासारखी आली आणि त्यांना उडवून गेली. पुतण्याचा उसाचा ट्रॅक्टर रस्त्यापलीकडे लावलेला होता. तो छाती बडवून रडत होता आणि त्याच्यावर संशय घ्यावा असे तेव्हा कोणाच्याच मनात आले नाही.

ठाण्यात मी आरोपीला विचारले, "किती जोरात होतास?"

"नव्वद, साहेब," तो म्हणाला. "पंपापासून काटा नव्वदवर होता. केळीची गाडी भरायला थांबली होती, म्हणून घाई केली."

"मग?"

"वळणावर उसामुळे दिसलं नाही. एकदम माणूस पुढं. ब्रेक मारला, गाडी घसरली, मी त्यांच्यावर गेलो. माझ्या हातनं माणूस मेला, साहेब. आमच्या चर्चमध्ये सांगतात, खरं बोलायचं. मी खरं सांगतो."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी आरोपीला वेग कमीच करून सांगताना पाहिले होते. दीडशेने उडालेला पोरगासुद्धा "साहेब, चाळीसवर होतो" म्हणतो. हा पहिला, ज्याने हात दाखवून अवलक्षण केले. आणि मला काय वाटले? कीव नाही, शंका नाही. काम सोपे झाले असे वाटले.

गाव ठाण्याच्या दारात बसले होते. साधा अपघात लिहिला असता तर त्याला लगेच जामीन मिळाला असता. पण वस्तीजवळ नव्वदचा वेग, त्यात गावाचा रेटा, वरून दोन फोन. मी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले. आमच्या लेखनिकाने नेहमीचे वाक्य लिहिले, 'भरधाव वेगाने, हयगयीने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून'. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा लिहितो की, लिहिताना हात चालतो, डोके चालत नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होते. त्याचीही चिंता त्याने ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभे राहून त्याने पुन्हा तेच सांगितले आणि तुरुंगात गेला.

पुरावाही मी मोठ्या हौसेने जमवला. पंपाच्या कॅमेऱ्यात त्याची मोटारसायकल दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी जाताना दिसत होती. कॅमेऱ्याचे घड्याळ मी स्वतः तपासले, ते बरोबर होते. मृत माणूस सासरी असलेल्या मुलीशी फोनवर बोलत होता. मुलीने सांगितले, बोलता बोलता मोठा आवाज झाला, बापूजी ओरडले आणि फोन बंद पडला. मोबाइल कंपनीच्या नोंदीत तो फोन दोन त्रेचाळीसला तुटला होता. पंप ते घटनास्थळ अंतर तीन किलोमीटर. नव्वदच्या वेगाने तीन किलोमीटरला लागतात दोन मिनिटे. हिशेब चोख बसला. मी कौतुकाने तो कागद वरिष्ठांना दाखवला आणि त्यांनीही पाठ थोपटली.

आरोपीची बायको रोज ठाण्यात येई. फाटकाजवळच्या निंबाखाली बसून राही. घरी डोंगरातली आदिवासी कोकणी बोलणारी बाई, मराठी शाळेपुरतीच शिकलेली. हवालदार तिला हुसकावत आणि ती पुन्हा येऊन बसे. आठव्या-नवव्या दिवशी मी जीपमधून उतरलो तेव्हा ती उठून समोर आली.

"साहेब, एक सांगू?"

"काय सांगायचंय ते वकिलाला सांग."

"त्या गाडीला एसटी मागं टाकते."

मी वैतागून म्हणालो, "मग?"

"घरी जाताना काटा नव्वदवर असतो. मी मागं बसून बघते. तरी मागून एसटी येते, हॉर्न वाजवते आणि पुढं जाते. दर वेळी. एसटी शंभरनं पळते का, साहेब?"

मी तिला काहीतरी खेकसून आत गेलो. खुर्चीत बसलो आणि चहा आला. पेला तसाच बाजूला सारला. आमच्या भागातली एसटी सत्तरच्या पुढे गेली तर प्रवासी टाळ्या वाजवतील. मी आरोपीला शंभर प्रश्न विचारले होते, पण गाडीला एकही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. तलाठी आणि एक शिक्षक पंच म्हणून घेतले. गाडीचे हँडल थोडे वाकले होते, ते सरळ केले. पुढचे चाक आणि मीटर शाबूत होते. दोन वेगळ्या मोबाइलवर उपग्रहावरून वेग दाखवणारे ॲप चालू केले आणि ते मागे बसलेल्या शिपायाच्या हातात दिले. गाडी मी चालवली. सरळ, मोकळा रस्ता. काटा साठवर स्थिर केला आणि विचारले, "किती?"

"चाळीस, सायेब."

"दुसऱ्यात?"

"त्यामान बी चाळीस."

काटा नव्वदवर नेला. इंजिन किंचाळत होते, हँडल थरथरत होते.

"आता?"

"साठ. दोन्हीमा साठच शे, सायेब. काटा खोटा बोली ऱ्हायना."

जाता-येता सहा वेळा घेतले, प्रत्येक वेळी तेच. काटा दीडपट दाखवत होता. मग आमच्या सरकारी मोटारसायकलीवर तपासले. तिथे काटा साठवर असताना फोन छप्पन्न दाखवत होता. निरीक्षक म्हणाले, कारखान्यातूनच काटा थोडा पुढे ठेवतात, सगळ्या गाड्यांत तसे असते. पण दीडपट म्हणजे कोणीतरी उद्योग केला आहे.

दहा-बारा दिवसांच्या शोधानंतर हा उद्योग लोणखेड्याच्या कॉलेजरस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये सापडला. पुढच्या चाकाच्या आखाशी मीटरची केबल फिरवणारा एक लहान दातेरी भाग असतो, मेकॅनिक त्याला वर्म म्हणतात. या गाडीचा वर्म झिजला होता. आधीच्या मालकाला गाडी विकायची होती, आणि काटा मेलेला असेल तर गिऱ्हाईक नाक मुरडते. गॅरेजवाल्याने दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा, केबल दीडपट फिरवणारा वर्म बसवून दिला.

"काटा हालना म्हंजे व्हयनं, सायेब," काटा हलला की काम झाले, अशा थाटात तो शांतपणे म्हणाला. "आपलाकडे आसंच करतस. वेग कोन मोजस?"

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. आरोपीची ती आयुष्यातली पहिली गाडी होती. काटा म्हणतो तोच वेग, असे तो धरून चालला. त्याने खोटे सांगितले नव्हते, त्याच्याशी त्याची गाडी खोटे बोलत होती.

आता तोच माझा चोख हिशेब पुन्हा मांडला. साठच्या वेगाने तीन किलोमीटरला तीन मिनिटे लागतात. म्हणजे म्हातारा ओरडला आणि फोन तुटला तेव्हा मोटारसायकल एक किलोमीटर मागे, पाटाच्या पुलाजवळ होती. जो माणूस तिथे पोचलाच नव्हता त्याला मी मनुष्यवधात आत टाकले होते. मग शवविच्छेदनाचा अहवाल काढला. तो माझ्याकडे पहिल्या आठवड्यापासून होता. छातीच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या दबलेल्या, जड वाहनाचे चाक गेल्याची शक्यता, असे डॉक्टरांनी स्वच्छ लिहिले होते. कबुली हातात होती म्हणून मी तो नुसता टाचून ठेवला होता. त्या दिवशी मी फाइल भिंतीवर फेकली. लेखनिकाने कागद गोळा केले.

पुतण्याला बोलावले. खुर्ची दिली, पाणी दिले. आवाज चढवला नाही. रागावलेल्या अधिकाऱ्यापुढे माणूस घट्ट होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

"काका ओरडले तेव्हा मोटारसायकल कुठे होती?"

"आंगवरच उनी ना, सायेब."

"ती पाटाच्या पुलावर होती. एक किलोमीटर मागे." मी अहवाल त्याच्यापुढे सरकवला. "आणि ही छाती मोटारसायकलने दबत नाही."

त्याने अहवाल माझ्याकडे परत सरकवला. मग बोलला.

"काका मडगार्डवर बठेल व्हता. फोनवर बोली ऱ्हायंता. शेतमायीन रस्तावर चढतांना ट्रॅक्टरनी उसळी मारी. काका खाले पडना, ट्रॉलीनं चाक आंगवरतीन गयं. मी ट्रॅक्टर पलाड लाया. तितलामा तो मोटारसायकलवाला उना, घसरना, काकावर पडना. लोके पयत उनात, कोन मारं, कोन मारं इचारेत. मी त्यानाकडे बोट करं."

म्हणजे काका मडगार्डवरून खाली पडले, ट्रॉलीचे चाक त्यांच्या अंगावरून गेले, आणि पुतण्याने ट्रॅक्टर पलीकडे लावेपर्यंत मोटारसायकलवाला येऊन त्यांच्यावर घसरला. मडगार्डवर बसून शेतात जाणे हे इकडे रोजचे आहे. बापही बसतो, नातूही बसतो. पडल्याशिवाय त्यात कोणाला चूक दिसत नाही. काकाचा जीव आपल्या हातून गेला हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचे, या भीतीने पुतण्याने बोट दाखवले. ती भीती मी समजू शकतो. पण पुढे तेवीस दिवस त्याने ते बोट खाली घेतले नाही, ते मी कधीच माफ केले नाही. गावानेही विचारले नाही, कारण सापडलेला माणूस परका होता, डोंगरातला होता आणि स्वतःच गुन्हा कबूल करत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आम्ही सगळ्यांनी मिळून देत आणली होती.

कोर्टात अहवाल गेला, पुतण्यावर गुन्हा दाखल झाला आणि मजुराची सुटका झाली. गाडी ताब्यात घ्यायला तो बायकोसह ठाण्यात आला. बराच खंगला होता. मी त्याला समोर बसवून सगळे समजावले, कॅमेरा, फोन, काटा. त्याने नीट ऐकून घेतले.

"म्हणजे मी पोचलो तेव्हा ते आधीच गेले होते?"

"हो."

"माझ्या हातनं नाही मेले?"

"नाही."

तो तोंड झाकून रडायला लागला. तुरुंगात रोज सकाळी तो त्या म्हाताऱ्यासाठी प्रार्थना करत होता आणि क्षमा मागत होता, असे त्याच्या बायकोने सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. तिला काय हवे होते ते मला कळले होते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नवे अधिकारी विचारतात. कबुली हा तपासाचा शेवट नसतो. माणूस खरे बोलत असला तरी ज्यावरून तो बोलतो ते मोजमाप खरे आहे का, हे तपासावे लागते. आणि फाटकाजवळ बसलेल्या बाईचे पहिल्याच दिवशी ऐकावे. हे सगळे मी त्यांना सांगतो आणि ते वहीत लिहून घेतात.

एक गोष्ट मात्र सांगत नाही. त्या दिवशी मला त्या दोघांची माफी मागायची होती. शब्द ओठांवर आले होते. दारात हवालदार उभे होते, लेखनिक बघत होता, अंगावर वर्दी होती. त्याने सही केली, किल्ली घेतली, मला हात जोडले. आणि ज्याने गाडी नीटच चालवली होती, त्या माणसाला मी म्हणालो, "जा आता, आणि गाडी नीट चालव."

तो म्हणाला, "हो साहेब."