मांडणीतली शिट्टी

आमच्या साडूंइतका दुसऱ्याच्या सोशिकपणाचा अंत बघणारा गृहस्थ शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा निघाला, तर मी पंचायत समितीची नोकरी सोडून त्याच्या घरी पाणी भरीन. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मूळचे दौंडचे, वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, स्वतः कारेगावजवळच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. पगार बरा, व्यसन नाही. म्हणजे दारू-तंबाखूचं नाही. त्यांना सिंथेसायझरचा नाद लागला होता, आणि तो सोडवणारं केंद्र अजून निघालेलं नाही.

मोडीत निघालेल्या एका ऑर्केस्ट्राचा जुना जपानी सिंथेसायझर त्यांनी कुठूनसा पैदा केला, तिथून हे सुरू झालं. त्याला कीबोर्ड म्हटलं की त्यांचं तोंड उतरायचं. "पाव्हणं, कीबोर्डात आवाज भरून आलेला असतोय. ह्यात आपुन करायचा." करायचा म्हणजे आधी तापवायचा! ते यंत्र चांगलं गरम झाल्याशिवाय सुरात येत नसे, आणि ते सुरात आल्याशिवाय हे पट्टीला बोट लावत नसत. कोरेगाव भीमाला जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना कुणीतरी मोठ्या हौसेनं वाजवायला बोलावलं. गाणी झाली, आभार झाले, मांडववाले सतरंज्या गुंडाळायला लागले, तेव्हा यांनी मान वर करून जाहीर केलं, "आता जमलंय." मंडळींनी तिथंच हात जोडले.

बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही! कंपनीच्या भंगारातले सुटे भाग आणून यांनी स्वतःच एक यंत्र जोडायला घेतलं. एक डबी आवाज काढणार, दुसरी तो तासून पातळ करणार, तिसरी त्याला हेलकावे देणार, आणि डब्या-डब्यांत वायरी खोचून सगळ्यांची सोयरीक जुळवायची. डब्या बसवायला चौकट हवी म्हणून मेव्हणीच्या स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी भिंतीवरून उतरवली. ताटांच्या जागी डब्या, आणि ताटं गेली गोणीत! त्यातून या यंत्राला आठवण म्हणून नाही. "वायर काढली की त्यो आवाज गेला. पुन्यांदा तसाच लावीन म्हणलं तरी लागत न्हाई," हे ते वर छाती फुगवून सांगायचे. अहो, यात फुगवण्यासारखं काय आहे?

कारेगावात वेल्डिंगची कामं सुरू झाली की व्होल्टेज नाचायचं. आमच्या शिरूरच्या घराची लाईन दवाखान्याच्या लाईनवरची, त्यामुळं स्थिर. हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. एका रविवारी दार वाजलं, "जय भीम, पाव्हणं," ऐकू आलं, आणि आधी मांडणी आत आली, मग साडू. त्या दिवसापासून माझा हॉल माझा राहिला नाही. पंखा लावायचा नाही, वाऱ्यानं सूर उतरतो. एप्रिलात, शिरूरला, पंखा नाही! पाबळहून यांचे एक समदुःखी मित्र यायचे. दोघं मिळून सबंध सकाळ एकच 'घूंऽऽ' ऐकायचे. "काय खोली हाय!" हे म्हणायचे. "तळच लागंना," ते म्हणायचे. आमची ही चहा घेऊन गेली, तर तिच्याच घरात तिला सांगणं, "ताई, कप जरा हळू ठिवा." मी आत बसून नुसता दातओठ खात होतो.

पण हाकलता येत नव्हतं, कारण त्यांच्याबरोबर मावशी यायच्या. मावशी म्हणजे साडूंची आई. कोळशाच्या इंजिनांच्या काळात दौंडच्या प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी मारायची आपली एक तऱ्हा असे. यांच्या वडिलांची गाडी भीमेच्या पुलावर आली की ते आपल्या तऱ्हेची शिट्टी देत, आणि घरी मावशी तव्यावर भाकरी टाकत. ती शिट्टी ऐकल्याशिवाय उभ्या संसारात त्या जेवल्या नव्हत्या. वडील गेले ते पुण्याच्या दवाखान्यात. मावशी कारेगावला आल्या, जिथं रेल्वेच नाही. ताट समोर घेऊन कान देऊन बसायच्या, दोन घास चिवडून ताट सारायच्या. माणूस वाळत चाललं होतं. डॉक्टर झाले, टॉनिकं झाली.

"अहो, मग दौंडला न्या की त्यांना!" मी ओरडलो.

"तिथं आता डिझेल इंजनं. ट्रकवानी कोकालत्यात," साडू म्हणाले आणि वायर खोचायला वळले.

म्हणून माझ्या हॉलमध्ये दर रविवारी शिट्ट्या! मावशी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून निकाल द्यायच्या. "न्हाई रं. ही मालगाडी." "ही पॅशिंजर. ही त्यांची न्हवं." साडू निमूटपणे पुन्हा सगळं सुरू करायचे. मला राग यायचा तो याचाही, की हा माणूस चिडत कसा नाही!

एका रविवारी दुपारी आम्ही पानावर बसलो होतो. हॉलमधून शिट्टी आली. एक लांब, मग दम घेतल्यासारखी थांबली, मग दोन आखूड, आणि शेवटची हळूच खाली उतरत गेली. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आमच्या हिला म्हणाल्या, "भाकरी टाक गं. पुलावर आले." आणि त्या जेवल्या. पोटभर जेवल्या, वर ताक मागून घेतलं. हात धुताना स्वतःशीच म्हणाल्या, "झाली बाबा ड्यूटी त्यांची."

मी हॉलमध्ये धावलो. "कशाला हात लावू नका! शेजारून टेपरेकॉर्डर आणतो," म्हणालो आणि चप्पलही न घालता पळालो. परत येऊन बघतो तर मांडणी मोकळी, आणि सगळ्या वायरी साडूंच्या गळ्यात.

"अहो, हे काय केलंत? इतक्या दिवसांची मेहनत! माझा हॉल! माझा घाम!"

त्यांनी वायरीची गुंडाळी करत हळू आवाजात सांगितलं, "आई म्हणली ना, ड्यूटी झाली. आता पुन्यांदा कशाला बोलवायचं त्यांना?"

त्यानंतर मावशी कारेगावात वेळेवर जेवायला लागल्या. मांडणी मेव्हणीच्या भिंतीवर परत गेली, ताटं गोणीतून बाहेर आली, साडूंनी दुसरं काहीतरी खूळ घेतलं. मावशी पुढं पिकल्या वयात गेल्या. माझ्या हॉलमध्ये आता मनसोक्त पंखा फिरतो, पण या माणसानं मला केवढी खोड लावून ठेवली आहे ती कुणाला सांगू? ही ताटात भाकरी वाढते, आणि मी घास मोडायचा सोडून उगाच कान देऊन बसतो.