वीस मिनिटांची वरात

जगात सगळ्यात जास्त वेळा लग्न झालेला माणूस कोण, असं मला कोणी विचारलं तर मी आमच्या वरातकाकांचं नाव सांगीन. आणि माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तरी त्यांचंच सांगीन. तसं त्यांचं लग्न एकदाच झालं होतं, आणि त्या काकी आजही भिसेगावच्या घरात आहेत. पण खालापूर तालुक्यातल्या आमच्या अग्निशमन केंद्रात त्या लग्नाची वरात जवळजवळ रोज निघायची. शेलूला लग्न लागलं, टेंपोत नवरा-नवरी बसले, नवरीच्या सोबतीला तिचा धाकटा भाऊ बसला, आणि टेंपो रेल्वेच्या फाटकातच बंद पडला. मग डोक्याला फेटा बांधलेल्या नवऱ्याने आणि त्या मेहुण्याने टेंपो ढकलला. नेरळला सोड्याच्या बाटलीत गॅस नाही म्हणून मामा रुसले. आहेरात आलेल्या शेळीने नवरदेवाचा हार खाल्ला. भिवपुरीला बेंजोवाला लघवीला म्हणून उतरला आणि झाडाखाली झोपून गेला. बहुतेक इथवर येईपर्यंत चहा यायचा, आणि आम्ही सगळे एकेक करून उठायचो. काका थांबत नसत. रिकाम्या बाकाला उरलेली वरात सांगून पूर्ण करत. एकदा आमच्या ड्रायव्हरने घड्याळ लावलं. वीस मिनिटं भरली. आठवड्याने पुन्हा लावलं, तर पुन्हा वीस. "ही वरात हाय का लोकल?" तो म्हणाला. "लोकल लेट होते," काका म्हणाले.

काकांच्या बाकीच्या सवयीही अशाच होत्या. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम कापूस असे. बंबातून उतरले की आधी कापसाचा एक धागा काढून हवेत सोडत, तो कुठे जातो ते बघत, आणि मगच कोणाला पुढे जाऊ देत. वारा आपल्या पाठीवर हवा, तोंडावर नको, हा त्यांचा पहिला नियम. हे कामावर ठीक होतं, पण ते हळदीच्या मांडवातही कापूस सोडत आणि चुलीचा धूर येणार नाही अशी जागा धरत. कोणाच्याही घरी गेले की चप्पल काढता काढता विचारत, "नळ कुठं हाय?" पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीचं नाव विचारायच्या आधी त्यांनी नळ विचारला. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांना परसाकडे जायचंय. त्यांनी घाईने तांब्या भरून पुढे केला. काकांनी तो नम्रपणे घेतला, बाजूला ठेवला आणि पुन्हा विचारलं, "नळ?"

लोकांना सगळ्यात जास्त राग यायचा तो काकांच्या पाणी न मारण्याचा. आमच्या भागात ॲसिडचे टँकर सतत येतात-जातात, आणि घाटाच्या उतारावर कधीतरी एखादा आडवा होतो. असा टँकर पडला की काका बंब चढावर लांब उभा करत, गावातून डबे आणि कॅन घेऊन तेल समजून धावत येणाऱ्यांना शिव्या घालून परतवत, आणि आम्हाला कोरड्या रेतीचा बांध घालायला लावत, म्हणजे ॲसिड नाल्यात जायला नको. त्यानंतर चुना. पाण्याचा थेंबही त्या थारोळ्यावर पडू देत नसत, कारण जहाल ॲसिडवर पाणी पडलं की ते उकळून अंगावर उडतं. जमलेली माणसं मात्र चिडायची. एकदा एक पुढारी म्हणाले, "एवढा बंब आणलाय आणि पाणी मारत नाय. पाणी काय लग्नाला ठेवलंय?"

"हो," काका म्हणाले. "ज्याचं लागंल त्याला. रेती ॲसिडला आन् पाणी माणसाला."

माझी त्यांची भेट कर्जतच्या कॉलेजात झाली. मी भिवपुरीच्या वरच्या ठाकूरवाडीतला. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कोणीही प्रश्न विचारला की पुस्तकातलं उत्तर द्यायचं, एवढीच माझी हुशारी. काका प्रात्यक्षिक दाखवायला आले होते. अंगावर ॲसिड पडलं तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. मी उभा राहून सांगितलं की आम्लावर अल्कली टाकली की उदासीनीकरण होतं, म्हणून सोडा लावावा. सरांनी मान डोलावली. काका म्हणाले, "बरोबर हाय पोरा. सोडा कुठल्या दुकानातून आणशील?" मी दुकान सांगितलं. "जाऊन यायला किती वेळ?" मी म्हटलं, दहा मिनिटं. "आन् तवर हा नळ काय करतोय?" त्यांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या नळाकडे बोट दाखवलं. सगळा वर्ग हसला, मी खाली बसलो. पण पदवी हातात आली आणि पुढे काय करायचं ते कळेना, तेव्हा हाच माणूस सायकल हातात धरून वाडीची चढण चढून आला. त्यांनी भरतीचा फॉर्म आणला होता. माझ्या बापाला वाटलं, मी कुठेतरी आग लावली म्हणून माणूस आलाय. पुढे तीन महिने काकांनी मला पहाटे पळवलं, दोर चढायला शिकवलं, आणि दर रविवारी भिसेगावच्या घरी जेवायला घातलं.

त्या घरी मला वरातीतला मेहुणा भेटला. माझ्या पाहण्यातला एकुलता एक माणूस, जो काकांचं बोलणं कधीच अर्धवट सोडून उठत नसे. आतल्या खोलीत खाटेवर बसलेला असायचा. काका सांगत सांगत फाटकापर्यंत आले की आतून आवाज यायचा, "डावीकडनं ढकलला, उजवीकडनं नाय." काका म्हणायचे, "बरं, डावीकडनं." दर रविवारी ही चूक होई आणि दर रविवारी ती दुरुस्त होई. भिवपुरी येईपर्यंत काकी मला पानावर बोलवायच्या. मेहुण्याला दिसत नव्हतं. का, ते मला काकींनी सांगितलं, काका अंगणात असताना, भांडी घासता घासता. लग्नानंतर दीड वर्षाने तो एका कारखान्यात लागला होता आणि तिथे त्याच्या तोंडावर ॲसिड उडालं. काका तेव्हा तोच टेंपो चालवायचे, आणि नेमके माल घेऊन तिथे आले होते. त्यांनी मेहुण्याला उचलून टेंपोत घातलं आणि असा टेंपो हाणला की गावात वर्षभर त्याचं नाव निघत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, पाणी किती वेळ घातलं होतं? "दहा पावलांवर नळ होता रं," काकी म्हणाल्या. "ह्यांनी त्याच्या शेजारनंच टेंपो नेला. कुणी दोष दिला नाय. त्यानंबी दिला नाय. पुढच्या साली ह्यांनी टेंपो विकला आन् बंबावर गेले."

वरातीचा अर्थ माझ्या लक्षात आला तो फार उशिरा, काका निवृत्त झाल्यावर. भाजलेला माणूस पाण्याखाली मिनिटभर थांबतो, आग जरा कमी होते, की त्याला पळायचं असतं, आणि आपल्याकडे त्याला पळवायला दहा हात तयार असतात. गाडीत घाला, दवाखान्यात न्या. त्याला वीस मिनिटं पाण्याखाली धरून ठेवायचं तर हाताला जोर लागतो, आणि तोंडाला काहीतरी बोलायला लागतं. काका रोज तेच घटवून ठेवत होते. आम्ही चहाला उठत होतो.

काकांना फोनवरचं सांगणं पटत नसे. "फोनवर माणूस बढाया मारतो. घडलं ते लिहून दे." ते निवृत्त झाल्यावरही मी प्रत्येक मोठ्या कॉलनंतर त्यांना पत्र टाकत राहिलो. मागच्या उन्हाळ्यात पाठवलेलं शेवटचं पत्र काकींनी काकांना आणि आपल्या भावाला मिळून वाचून दाखवलं. एका ठिकाणी काका हसले आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं, असं त्या सांगतात. मी भिसेगावला जायच्या आधीच, त्याच आठवड्यात, झोपेत ते गेले. मला सुट्टी मिळाली ती त्यांच्या दहाव्यालाच. नदीच्या घाटावर मी पोचलो तेव्हा मेहुणे वाऱ्याकडे पाठ करून बसले होते. वरातीचं राहिलेलं त्यांना ठाऊक आहे. मी अजून विचारलेलं नाही. पत्र काकींनी मला परत दिलं, ते असं:

तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल दुपारी जुन्या हायवेच्या वळणावर टँकर आडवा झाला. सल्फ्युरिक होतं. बंब चढावर लावला, कापूस सोडला, रेती टाकायला घेतली. ड्रायव्हर सुखरूप होता. ओघळ एका हॉटेलाच्या दाराकडे चालला होता. मालकाने दार खराब होऊ नये म्हणून त्यावर पाण्याची बादली फेकली. मी ओरडलो, पण उशीर झाला. माझी चूक लिहितो: आधी हॉटेल रिकामं करायला हवं होतं, मी आधी नाला बघितला.

सगळं मालकांच्या तोंडावर उडालं. आम्ही दारापाशी पोचेपर्यंत त्यांच्या भावाने त्यांना टेंपोत घातलं होतं. मी टेंपोपुढे उभा राहिलो. भाऊ म्हणाला, "सरक, नायतर अंगावर घालीन." मी सरकलो नाही. आमच्या पोरांनी त्यांना उतरवलं, शर्ट कापला, कुशीवर निजवलं, आणि मी पापण्या उघड्या धरून बारीक धार लावली. दोन मिनिटांत ते म्हणाले, "आता बरं हाय, सोडा." त्यांची बायको माझी कॉलर ओढून म्हणत होती, "डोळं चाललंत त्येचं आन् तू आंघोळ काय घालतोस?" पाठीत दोन गुद्दे बसले. कोणी मारले ते पाहिलं नाही.

मी त्यांच्या कानाशी तुमची वरात सुरू केली. फाटक, फेटा, सोडा, शेळी, बेंजोवाला. काका, भिवपुरीला वरात संपली. घड्याळात चौदाच मिनिटं झाली होती. पुढचं मला येत नव्हतं. ते उठायला लागले, म्हणून मी परत पहिल्यापासून धरलं. टेंपो फाटकात आणला, तर ते पाण्यातूनच म्हणाले, "हा मघाशी बंद पडला होता ना रं?" मी म्हटलं, "परत पडला." ते म्हणाले, "मग ढकल." आणि पडून राहिले. वीस भरली तेव्हा आम्ही दुसऱ्यांदा नेरळला होतो.

डॉक्टर म्हणतात, डावा डोळा राहील. उजव्याचं सांगत नाहीत. बायको माझ्याशी बोलत नाही. भावाने आज केंद्रात येऊन नुसतं विचारलं की हॉटेलात नळ कुठे लावावा. मी जागा दाखवून आलो.

उजवा डोळा माझ्या डोक्यातून जात नाही. बादली त्यांच्या हातात दिसली होती मला.

पुढच्या रविवारी भिसेगावला येतो. मेहुण्यांना सांगा, टेंपो मी दोन्ही वेळा डावीकडूनच ढकलला. भिवपुरीच्या पुढे काय झालं ते मला सगळं सांगा, दारात माप ओलांडेपर्यंत. या वेळी मी चहाला उठणार नाही.