अंगणातली सावर

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. रजनी चहा घेत खुर्चीत बसली होती, कप खाली ठेवला आणि मान कलली... गारखेड्यातल्या तिच्या घरी पोचले, तर माणसं समोरच्यांच्या भिंतीच्या सावलीला दाटीवाटीनं उभी होती. रजनीच्या अंगणात कुणीच नव्हतं. तिथं नुसतं ऊन होतं. काही वर्षांपूर्वी हीच माणसं तिच्या झाडाखाली थांबली असती.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. ती भूगोल, मी मराठी. नवरा गेल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या प्लॉटवर हट्टानं घर बांधलं आणि पुढं भरपूर जागा मोकळी सोडली. "इथं एकच झाड लावायचं," ती म्हणाली, "पण असं, की फाटक उघडलं की माणूस थबकला पाहिजे." मग जो येईल तो सल्ला देऊ लागला. तिचा गावाकडचा भाऊ म्हणाला, "आंबा लाव की बाई, लेकरं तरी खातील. नुसतं बघायला काय झाड लावतेत व्हय?" नर्सरीवाल्यानं शोभेचे पाम दाखवले. रजनीला काही पटेना. "फुलात असताना सगळीच झाडं छान दिसतात गं. पान नाही, फूल नाही, अशा दिवसांत कसं दिसतं ते बघायचं," असं म्हणत सुट्टीच्या दिवशी ती मला स्कूटीवर घालून छावणीत, विद्यापीठाच्या रस्त्यांवर झाडं बघत हिंडवायची. गुलमोहराच्या फांद्या वाऱ्यात मोडतात म्हणून तो नको, बहावा फुलं उतरल्यावर ओळखूही येत नाही म्हणून तो नको. शेवटी वेरूळच्या रस्त्याला, थंडी ओसरताना, एक काटेसावर दिसली. पानं सगळी गळालेली, खोड सरळसोट, आणि चहूबाजूंना आडव्या पसरलेल्या फांद्या. रजनीनं गाडी थांबवली. "अंगावर काही नाही, तरी कशी उभी आहे बघ!" किती तरी वेळ ती नुसती बघत राहिली.

रोप काटेरी होतं, प्रशांत कुरकुरला, पण सावर लागली आणि वाढलीही भराभर. पहिल्यांदा फुलली त्या सकाळी रजनीचा फोन आला, "आहेस तशी ये." मी गेले. उघड्या फांद्यांवर लालभडक, जाड पाकळ्यांची फुलं, वर साळुंक्यांचा कलकलाट, आणि खाली फुलं वेचत रजनी. रस्त्यावरचे लोक खरंच थबकत होते. तिला इतकं खुलून हसताना मी तिचा नवरा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास नात झाली, ओवी. चालायला लागली आणि तिला धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले धूळ असेल, परागकण असतील, कापूसही असेल, नक्की सांगता येत नाही. आणि उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटून अंगणभर कापूस उडायचा. एका दुपारी ओवीचे ओठ निळे पडले. मी तिथंच होते. प्रशांत शेंद्र्याला कंपनीत. स्नेहानं, रजनीच्या सुनेनं, पोरीच्या तोंडाला वाफेचा मास्क धरला होता. पोर शांत झाल्यावर ती वर न बघता म्हणाली, "आई, झाड की ओवी, एवढंच सांगा." आवाज चढवला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी रजनीनंच झाड तोडायच्या परवानगीसाठी अर्ज केला, चकरा मारल्या, माणसं तिनंच बोलावली. झाड पडेपर्यंत ती उन्हात उभी होती. नंतर तोडणाऱ्यांना चहा तिनंच करून दिला.

काही आठवडे ओवीला बरं वाटलं. पावसाळा आला आणि धाप परत सुरू झाली, तशीच. स्नेहा माझ्यापाशी रडली, "मी उगाच बोलले का हो काकू?" रजनीनं मात्र कधी एक शब्द काढला नाही, ना टोमणा, ना सुस्कारा. एकदा मीच विचारलं, "तुला वाटतं, झाडामुळंच होतं?" ती म्हणाली, "नसेलही. पण तिच्या श्वासावर मी पैज कशी लावू गं?" नवीन झाड लाव म्हणून मी तिला नर्सऱ्यांमध्ये नेलं. ती प्रत्येक रोपापाशी थांबायची, पानाला हात लावायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. "यातलंही काही उडत असेल," म्हणायची. एकेकाळी झाड बघून गाडी थांबवणारी रजनी आता प्रत्येक झाडाला घाबरत होती... ते मला बघवत नसे.

ती गेल्यानंतर, परवा मी पुन्हा तिच्या घरी गेले. स्नेहा मला रजनीच्या खोलीत घेऊन गेली. अंगणाकडं मोठी खिडकी असलेली खोली. पण पलंगाची उशी खिडकीकडं आणि पायथा कोऱ्या भिंतीकडं. झोपलं की समोर भिंतच दिसावी असा.

"झाड पडलं त्या आठवड्यात त्यांनी फिरवला," स्नेहा म्हणाली. "मी दोनदा सरळ केला. संध्याकाळी येऊन बघावं, तर पुन्हा असाच."

आत ओवी खोकत होती. स्नेहा तिकडं जायला वळली, दारात थांबली.

"आता मी नाही फिरवत," ती म्हणाली.