मेणाची डबी

त्या सोमवारी बाई शाळेत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. घंटा झाली आणि त्या नववीच्या वर्गावर गेल्या.

साताऱ्याच्या आमच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी ग्रंथालय सांभाळायचो. फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसलो की त्या वाकून पातेल्यात बघत. "सर, मोरचूद घातलंत ना? नाहीतर मुलांच्या आधी झुरळंच वाचतील."

कशाला काय चिकटतं, हा त्यांचा नादच. एकदा प्रयोगशाळेच्या खिडकीत, काचेवर मेलेली पाल दिसली. शिपाई झाडू घेऊन धावला. बाईंनी त्याला थांबवलं आणि अख्खा वर्ग बोलावला. पालीच्या बोटांना गोंद नसतो, त्या सांगू लागल्या. डोळ्यांना न दिसणारे केस असतात. जीव गेला तरी ते धरून राहतात. सोडायचं तर तिला बोटं उलटी वळवावी लागतात.

"चिकटायला जोर लागत नाही. सुटायला लागतो."

पुढे हे वाक्य त्या कशालाही लावत. पाकिटावरच्या तिकिटाला, वड्यांच्या ताटाला, मुख्याध्यापकांच्या खुर्चीलासुद्धा.

त्यांचे यजमान फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत ते बेपत्ता झाल्याची तार आली, त्यानंतर काहीच नाही. तुम्ही पाहिलं असेल, बायका आधी कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवत. बाई रोज तसंच लावत राहिल्या. दीर म्हणत, आता दिवस करून टाकू. बाई ऐकून घेत.

मेण सासूबाई आणायच्या, वडूजहून, घरी गाळलेलं. एकदा त्या ग्रंथालयात डोकावल्या. "आवं मास्तर, पिठल्यात मीठ घातलंय का न्हाई?" ही खळ आहे, असं मी म्हटल्यावर पदराआड हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरीकडं ध्यान असू द्या. लय एकली पडलीया."

त्या गेल्यावर बाई दारात थांबल्या. "ते येणार नाहीत, सर. मला ठाऊक आहे. पण माझं कपाळ बघितलं की आत्यांना दोन घास जातात." सासूबाईंना त्या आत्या म्हणत.

त्या सोमवारी बाई आत्यांचं तेरावं करून परतल्या होत्या. शाळा सुटल्यावर ग्रंथालयात आल्या.

"शेवटी त्यांनी माझा हात धरला, सर. म्हणाल्या, 'पोरी, माजं लेकरू गेलंय, मला कवाच कळलंय. तुजं कपाळ रिकामं बगवंना, म्हून मेण आनत हुते. आता सोड.'"

बाई माझ्याकडे बघत होत्या. "मग मी कोणासाठी लावत होते?"

त्यांनी पिशवीतून मेणाची डबी काढून टेबलावर ठेवली. "पुस्तकं शिवताना दोऱ्याला लावा."

त्यानंतरही शिकवता शिकवता त्यांचं बोट कपाळाकडे जायचं. तिथे गोल, फिकट डाग होता. बोट तिथे टेकायचं आणि वाक्य अर्ध्यावर थांबायचं.

पुढे त्या सांगलीच्या शाळेत गेल्या. तिथेच वारल्या, असं मला बऱ्याच उशिरा कळलं.

डबी माझ्याकडे आहे. त्या मेणातून मी एकही दोरा ओढला नाही. मेणात त्यांच्या बोटाचा खळगा आहे.