हौश्या-पाखऱ्याच्या मोरख्या

माझी आत्या नसलेल्या बैलांसाठी बारा वर्षं दोर वळत होती.

आज पहाटे गेली. नव्वदी पार केल्ती, हातपाय धड होते, झोपेतच गेली.

सकाळपासून सगळे स्टेटसला तिचे एक्झिबिशनमधले फोटो टाकून राह्यले. ‘फायबर आर्टिस्ट’ काय, ‘वॉल आर्टची जादूगार’ काय! टाका बाबांनो, टाका. पण ती त्या भिंतीपर्यंत पोचली कशी, हे सांगणारी आता मी एकटीच उरले. म्हणून चष्मा पुसत पुसत लिहिते. चुका झाल्या तर झाल्या.

आत्याचं सासर कुंभार पिंपळगाव, माहेर आमचं आष्टी.

रझाकारीचं साल. पोळा होऊन चार दिवस झाल्ते. तिचे मालक गाडी जुंपून नात्यातल्या बायापोरांना निजामाच्या हद्दीपार सोडायला गेले. बैल हौश्या आणि पाखऱ्या. तोंडावर पोळ्याच्या नव्या मोरख्या तशाच.

बायापोरं सुखरूप पोचली. परत फिरताना काय झालं, देवाला माहीत.

माणूस आला नाही. बैल आले नाहीत. गाडीचं चाकसुद्धा कुणाला दिसलं नाही.

सासरच्यांनी वर्षभर पाह्यलं आणि आत्याला आमच्या दारात आणून सोडलं. सतरा-अठराची असेल.

हिनं कुंकू ठेवायचं का पुसायचं, यावर गल्लीतल्या बाया तासन् तास भांडायच्या. तिला मात्र कुणी विचारलं नाही. सवाष्णींच्या पंगतीत बसवायला लोक कचरायचे, आणि विधवांच्यात ती बसायची नाही. मग मागच्या खोलीत एकटीच जेवायची. एवढ्या भरल्या घरात इतकं एकटं माणूस मी दुसरं पाह्यलं नाही.

त्या खोलीत ती अंबाडी घेऊन बसली. ओढ्यात भिजवायची, साल सोलायची, धुऊन वाळवून वाख काढायचा आणि मांडीवर घासून दोर वळायचा. दोर वळणं म्हणजे बाप्या माणसाचं काम. लोकांनी नावं ठेवली. हिनं ऐकलं तर ना!

दरवर्षी पोळ्याच्या आधी दोन मोरख्या तयार. बैलाच्या तोंडावरून, कानामागून बांधतात ती मोरखी. गेरूत रंगवलेली, गोंडे लावलेली. हौश्याचं कपाळ रुंद म्हणून त्याची जरा ढिली. पाखऱ्याचं एक शिंग वाकडं म्हणून त्याची गाठ एका बाजूला. सगळं माप तिच्या हातात.

पोळा यायचा, जायचा. बैल यायचे नाहीत. मोरख्या भिंतीवर चढायच्या. पुढच्या वर्षी अजून दोन.

आई म्हणायची, “द्वारकाबाई, देऊन टाका कुणाला. वापरात तरी येतील.”

“अन् ते आल्यावर बैलाला काय घालू, वैनी?”



मग एका पोळ्याला माझ्या वडिलांनी घोटाळा केला. आमच्या बैलाची मोरखी ऐन वेळी तुटली. वेशीत बैल उभे राह्यल्ते, सगळे ‘जल्दी चला, जल्दी चला’ करून राह्यल्ते. वडिलांनी भिंतीवरची एक काढली आणि चढवली. एवढ्या आहेत, एकीनं काय होतंय, असं वाटलं त्यांना.

वाजंत्री चालू असताना आत्या अनवाणी वेशीत आली. डोईवरचा पदर पडलेला. साऱ्या गावासमोर बैलाच्या तोंडावरून मोरखी ओरबाडून काढली.

“ही हौश्याची हाये!”

वडील भडकले. “हौश्या हाये कुठं, द्वारके? सांग ना, कुठं हाये?”

वाजंत्री थांबली. आत्या मोरखी छातीशी धरून घरी गेली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी वडील पुरणपोळीला शिवले नाहीत. पण बोललेलं माघारी घेता येतं का?

पुढच्या वर्षी बारा वर्षं भरणार होती. आमच्याकडे हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. मग दर्भाचा पुतळा करायचा आणि त्यालाच अग्नी द्यायचा. भावकी बसली. वडिलांनी मान खाली घालूनच विचारलं, “द्वारके, करायचं का गं?”



“गवताचा पुतळा नको, दादा. त्यांचं जे काही करायचं, ते माझ्या हातानं करते. पोळ्यापर्यंत थांब.”

मग दोन महिने खोलीचं दार बंद. आई ताट उंबऱ्यात ठेवायची, अर्धं परत यायचं. मला फार भीती वाटायची.

पोळ्याच्या सकाळी तिनं दार उघडलं.

सगळ्या जुन्या मोरख्या तिनं उकलल्या होत्या. एकूण एक. त्याच दोरांचं, बांबूला बांधलेलं, आढ्यापासून जमिनीपर्यंत एकच मोठं काम. मधे गेरूचा लाल, कडेनं हळदीचा पिवळा, खाली पीळ सोडून मोकळा केलेला वाख. शिंगाचं माप नाही, कानाचं माप नाही. जगातल्या कुठल्याच बैलाला चढणार नाही असं.

“आत्या, हे बांधायचं कशाला?” मी विचारलं.

“बांधायचं न्हाई, बाई. नुसतं बघायचं.”

वडील बघत उभे राह्यले. डोक्यावरची टोपी काढली.

“न्हाई येत आता ते, दादा,” आत्या म्हणाली.

आणि वडिलांच्या गळ्यात पडून रडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी. वडीलही रडले. आई दाराला धरून रडली. मी का रडले, ते तेव्हा कळलं नाही.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि आईला म्हणाली, “वैनी, वाढा. लई भूक लागली. सगळ्यांसंगं बसते.”

ज्याला तुम्ही वॉल आर्ट म्हणता, ते तिचं पहिलं.

आत्या, सावकाश जा. तुझ्या भाचीचा नमस्कार.