काडिझची मिठागरे

सेव्हिलहून निघालेली गाडी दुपारी काडिझजवळ आली तेव्हा खिडकीतून पांढरे ढीग दिसू लागले. आधी पाण्याने भरलेले चौकोनी वाफे, मग बांध, मग ढीग. समोरच्या बाईने कौतुकाने बोट दाखवून सांगितले, 'सालिनास' (मिठागरे). मी मान हलवली आणि हातातले पुस्तक उघडले. ठाण्याला कोपरीत वाढलेल्या माणसाला मिठागर दाखवावे लागत नाही.

खरे म्हणजे हे ढीग पाहायलाच मी आलो होतो. माझे वडील कोपरीच्या मिठागरावर मुकादम होते. मी वर्षभराच्या शिक्षणासाठी लंडनला गेलो आणि पौषात ते गेले. तार पोचली तेव्हा सगळे आटोपले होते. अग्नी धाकट्या भावाने, नारायणने दिला. थोरला मी. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे वर्गात जाऊन बसलो. तिथे कोणाला काही सांगितले नाही, आणि नारायणला पत्रे लिहिली त्यांतही वडिलांच्या शेवटच्या दिवसांविषयी एक अक्षर विचारले नाही. बोललो नाही तर ती गोष्ट घडलीच नाही, असे काहीसे मी धरून चाललो होतो. उन्हाळ्याच्या सुटीत ग्रंथालयातल्या एका पुस्तकात काडिझच्या मिठागरांचे चित्र दिसले आणि मी तिकीट काढले.

काडिझ तीन बाजूंनी समुद्राने वेढलेले आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या सज्ज्यांतल्या बायका एकमेकींना कोथिंबिरीची जुडी देतात. मी दोन्या (बाईसाहेब) कार्मेन नावाच्या विधवा बाईंकडे खोली घेतली. तरुणपणी त्या जिब्राल्टरला एका इंग्रजाच्या घरी स्वयंपाक करीत, त्यामुळे त्यांना कामापुरते इंग्रजी येत होते. पती जाऊन नऊ वर्षे झाली तरी त्या काळेच कपडे घालीत.

पहिल्याच आठवड्यात 'लेवान्ते' (पूर्वेकडून येणारा कोरडा वारा) सुटला आणि माझी नवी टोपी समुद्रात गेली. मी उघड्या डोक्याने घरी आलो.

"कुठल्या बाजूला गेली?" बाईंनी विचारले.

"पश्चिमेला."

"मग क्युबाला पोचेल. माझा काकाही तिकडेच गेला. त्याने पत्र पाठवलं नाही, टोपी काय पाठवणार!"

जेवणाचे हाल झाले नाहीत. तिथे बारीक कोळंबी पिठात कालवून तिच्या पातळ वड्या तळतात. पहिला घास घेतला आणि आमच्याकडची जवळ्याची भजी आठवली. फक्त मिरची नव्हती. मी मिरची मागितली तेव्हा बाईंनी एक मोठी, गोड, भाजलेली मिरची आणून दिली आणि मला तिखट लागते का ते पाहत उभ्या राहिल्या.

महिना होत आला तरी मी मिठागराकडे फिरकलो नव्हतो. शेवटी बाईच म्हणाल्या, "माझा भाऊ पाको तिथे कामाला आहे. उद्या त्याची भाकरी घेऊन जायचं आहे, चला." नाही म्हणायला कारण सापडले नाही.

पाको साठीचा, काटक माणूस. लांब दांड्याच्या फळीने तो मीठ बांधाकडे ओढत होता. ओढण्याची तऱ्हा आमच्यासारखीच, कमरेतून. मला पाहून तो थांबला. वाफ्यात पाण्यावर मिठाची पातळ साय आली होती. ती त्याने अलगद उचलली, तळहातावर घेतली आणि हात माझ्यापुढे केला.

मी हात मागे घेतला.

त्याने माझ्या हाताकडे पाहिले. मग मीठ वाफ्यात झटकून पाठ फिरवून कामाला लागला.

"काय केलंत हे?" कार्मेनबाई चिडल्या. "ही साय तो गव्हर्नरलासुद्धा देणार नाही!"

आमच्या घरी मीठ कोणी कोणाच्या हातावर देत नाही. दिले तर त्या दोघांचे भांडण होते म्हणतात. एकाने खाली ठेवायचे, दुसऱ्याने उचलायचे. माझा हात आपोआपच मागे गेला होता. मी हे सांगितले, बाईंनी ते भावाला सांगितले.

पाको वळला. "भांडण होऊ नये म्हणून घेतलं नाही? मग आता हे काय झालं?" तो मोठ्याने हसला. "कोणी शिकवलं हे?"

"वडिलांनी. ते मिठागरावर मुकादम आहेत."

"असं! मग त्यांना विचार, तुमच्याकडे मीठ किती दिवसांत पिकतं. मला कळव."

बाईंनी प्रश्न इंग्रजीत सांगितला. मी वाफ्याकडे पाहिले. "विचारता येणार नाही," मी म्हणालो. "ते वारले. जानेवारीत."

"जानेवारीत?" बाई हळू म्हणाल्या. "आणि तुम्ही महिनाभर माझ्या घरी एकटेच ते घेऊन बसलात?"

त्यांनी भावाला सांगितले. पाकोने टोपी काढली आणि एक वाक्य म्हणाला. 'या दुःखात मी तुमच्या सोबत आहे,' असा त्याचा अर्थ. तिकडे असेच म्हणायची पद्धत आहे. मग त्याने पुन्हा साय काढली, बांधावरच्या फळकुटावर ठेवली आणि दोन पावले मागे सरला. मी ती उचलली. मी बांधावर बसलो आणि सात महिन्यांत प्रथमच रडलो. पाको काम करीत राहिला. मधूनच बहिणीकरवी विचारी: उंच होते का? चिडायचे का? गायचे का? मी उत्तरे देत गेलो. उंच नव्हते. चिडायचे फार. गायचे, पण बेसूर.

भाद्रपदात मी घरी आलो. आई म्हणाली, "कवरा वाललास रं!" (केवढा वाळलास). शेजारी येऊन बैलांच्या झुंजीविषयी विचारून गेले, आणि मी ती पाहिली नाही हे ऐकून हिरमुसले. इतक्या लांब जाऊन काय पाहिलेस, असे लोक विचारतात तेव्हा सांगण्यासारखे माझ्याकडे फारसे नसते. एक गोष्ट मला घरच्यांशी बोलता येत नव्हती, ती परक्या गावी, परक्या भाषेत बोलून आलो, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणबरोबर मिठागरावर गेलो. पावसाळ्यामुळे सगळीकडे नुसते पाणी होते. तो मालकाविषयी, नव्या बांधाविषयी बोलत होता. वडिलांचे नाव जपून टाळत होता. माझ्यासाठीच.

"नारायण," मी म्हणालो, "बाबा आजारी पडले तिथपासून सांग."

त्याने माझ्याकडे पाहिले. "सगलं?"

"सगळं."

तो बांधावर बसला, मला जागा करून दिली. "सोमवार होता," तो म्हणाला.